पूर्ववत म्हणजे नेमकं कधीसारखं?

‘पूर्ववत’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. वीजपुरवठा पूर्ववत झाला, वाहतूक पूर्ववत झाली, आजीची तब्येत पूर्ववत झाली. अशा वेळी तो शब्द अडचणीत आणत नाही, कारण बिघाड होण्याआधीचं एकच चित्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असतं. पण दहा-वीस वर्षांच्या वस्तूबद्दल हाच शब्द वापरला की त्यातला ‘पूर्व’ हलायला लागतो. घेतली त्या दिवसासारखी? बंद पडायच्या आदल्या दिवसासारखी? की आपल्याला आठवते तशी? गेल्या वर्षभरात मूलच्या घरातला जुना कॉम्प्युटर दुरुस्त करताना हा प्रश्न मला आधी तांत्रिक वाटला. मग तो तांत्रिक राहिला नाही.

आधी कॉम्प्युटरबद्दल. २००४च्या दिवाळीत तो घरी आला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. सरकारी नोकरदारांना एमएस-सीआयटी आवश्यक झालं होतं, तालुक्याच्या गावांतून त्याचे क्लास निघाले होते आणि ‘क्लासच करायचा तर सरावाला घरी असावा’ या हिशेबाने बाबांनी चंद्रपूरहून तो आणला. आणला म्हणजे जुळवून आणला. सेलेरॉन प्रोसेसर, १२८ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क, १५ इंची काचेचा मॉनिटर, फ्लॉपी ड्राइव्ह. कॅबिनेटवर कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं. त्या कॅबिनेटला घरात सगळे ‘सीपीयू’ म्हणायचे, अजूनही म्हणतात.

पुढे त्यात बदल होत गेले. २००६मध्ये रॅमची आणखी एक पट्टी. २००८मध्ये वीज कमी-जास्त होऊन एसएमपीएस जळला, तो नवा. आमच्या जिल्ह्यात महाऔष्णिक वीज केंद्र आहे, राज्याला वीज जाते आणि आम्ही भारनियमनात बसायचो. त्यामुळे यूपीएसच्या बॅटऱ्या किती बदलल्या याची मोजदाद नाही. २००९मध्ये हार्ड डिस्क टकटक वाजायला लागली म्हणून ८० जीबीची दुसरी लावली, जुनी तशीच शेजारी ठेवली. २०१३मध्ये तो एकदा सुरू होईना, घरात तोवर लॅपटॉप आला होता, आणि ‘सीपीयू’ माळ्यावर गेला.

जुने होम कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांची जगभर एक मोठी जमात आहे. १९८२ साली आलेले झेडएक्स स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ ही त्यांची दैवतं. स्पेक्ट्रम तर भारतातही परवाना घेऊन बनत होता. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६मध्ये तो ‘डीबी स्पेक्ट्रम’ नावाने आणला. या लोकांचं काम मी आदराने पाहत आलो आहे. पिवळं पडलेलं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवून पुन्हा पांढरं करणं, मूळ रंगाच्या कळा शोधणं, त्याच वर्षाच्या चिपा मिळवणं. त्यांच्याकडे एक गोष्ट असते जी आमच्याकडे नव्हती: कारखान्यातून बाहेर पडलेली अवस्था. कमोडोर ६४ ‘मूळ’ कसा होता हे कागदपत्रांत बघता येतं. आमच्या मशीनला कारखानाच नाही. चंद्रपूरच्या एका दुकानाच्या टेबलावर, बाबांच्या खिशाला परवडेल अशा पद्धतीने, चार ठिकाणचे भाग एकत्र आले. त्यावरचं विंडोज एक्सपीसुद्धा तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे परवान्याशिवाय टाकून दिलेलं. आता कुणी मला म्हणालं की ओरिजनल अवस्थेत आण, तर त्या ओरिजनलची सुरुवातच नक्कल कॉपीने होते.

आमच्या पिढीतल्या बहुतेकांचा बालपणीचा कॉम्प्युटर असाच आहे: असेम्बल केलेला, आणि मग मोडेल तसा बदलत गेलेला. त्याच्या बाबतीत ‘पूर्ववत’ करायचं म्हणजे एक तारीख निवडायची. मला मनातून २००५ हवं होतं, रोड रॅशचं वर्ष. बहिणीला विचारलं तर ती म्हणाली २०१०, कारण तेव्हा तिची पाळी असायची आणि मी होस्टेलला जायच्या तयारीत होतो. आईच्या आठवणीत तो कॉम्प्युटर म्हणजे वरचा क्रोशाचा झाकणरुमाल. बाबांचं उत्तर वेगळं होतं, त्याकडे येतो.

भाग बदलत गेले तर वस्तू तीच राहते का, हा प्रश्न इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर रात्री दोन वाजता चघळायला बरा असतो. तिथे त्याला ‘थीसियसचं जहाज’ म्हणतात. मला तो आधी दुसऱ्या रूपात भेटला होता. बाबासाहेबांनी नागपूरनंतर १६ ऑक्टोबर १९५६ला चंद्रपुरात दीक्षा दिली. त्या दीक्षाभूमीवर दरवर्षी ऑक्टोबरात मेळावा भरतो, पुस्तकांचे स्टॉल लागतात. तिथल्या एका स्टॉलवरून शाळेत असताना ‘मिलिंद प्रश्न’ घेतलं होतं. त्यात भिक्खू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो: तू रथातून आलास म्हणतोस, मग रथ कोणता ते दाखव. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ? जू, लगाम? राजा सगळ्याला नाही म्हणतो आणि शेवटी त्यालाच म्हणावं लागतं की हे सगळे भाग मिळून चालतात तेव्हा व्यवहारात आपण त्यांना ‘रथ’ म्हणतो, इतकंच.

हे उत्तर मला पूर्ण पटतं. तरी हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेल्या माणसाला ते पुरत नाही. रथ नावाचं वेगळं काही नाही हे कळलं, तरी कुठलं चाक काढू आणि कुठलं ठेवू हे त्यातून कळत नाही. त्याच ग्रंथात दिव्याचा दृष्टांत आहे: रात्रीच्या पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नाही, पण वेगळीही नाही, कारण दिवा रात्रभर जळत राहिला. आमच्या कॉम्प्युटरला २००४ ते २०१३ हा दृष्टांत चपखल बसतो. पण नंतर माळ्यावर बारा वर्षं दिवा विझलेला होता. पुन्हा पेटवताना मी कुणासाठी पेटवतो आहे, हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

कॅबिनेट उघडलं तर आत धूळ होती ती आमच्या गावची होती. मूलमध्ये राइस मिल आहेत, धानाचा बारीक कोंडा हंगामात हवेत असतो, आणि तो पंख्याच्या पात्यांवर थर होऊन बसला होता. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या बाजूचे सहा कॅपॅसिटर डोक्यावर फुगले होते, दोघांतून तपकिरी रस येऊन वाळला होता. २०००च्या आसपास बनलेल्या कित्येक बोर्डांचं हेच झालं. आतला द्रव सदोष असलेले कॅपॅसिटर जगभर विकले गेले आणि काही वर्षांत फुटले. घड्याळ चालू ठेवणारा बटणासारखा सेल मेला होता. मी गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंग करायला गेलो तर दुकानदार म्हणाला, “भाऊ, याले कायले दुरुस्त करून राहिले? एवढ्यात सेकंडहँड लॅपटॉप येते ना.” हिशेबाने त्याचं बरोबर होतं.

कॅपॅसिटर बदलण्याबद्दल मनात शंका आली नाही. फुगलेले ठेवून मशीन चालणारच नव्हतं. पण कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, पॉवरच्या बटणावर, हळद-कुंकवाचा जुना डाग आहे. खंडेनवमीला विळा, इस्त्री, शिलाई मशीन यांच्या ओळीत आई कॉम्प्युटरचीही पूजा करायची. त्याखाली बहिणीने चिकटवलेलं अर्धं फाटलेलं स्टिकर. प्लास्टिक पिवळं पडलेलं. पेरॉक्साइड लावलं असतं तर प्लास्टिक पांढरं झालं असतं, पण त्याआधी कुंकू आणि स्टिकर खरवडून काढावं लागलं असतं. कंपनीने बनवलेला पांढरा रंग मूळ, आणि नऊ दसऱ्यांचं कुंकू ही घाण, असं का मानायचं?

या प्रश्नावर इमारती सांभाळणाऱ्यांनी आपल्याआधी विचार केला आहे. १९६४ साली व्हेनिसमध्ये जमलेल्या वास्तुतज्ज्ञांनी स्मारकांच्या जतनाची एक सनद केली. तिच्यातली तीन तत्त्वं मला मदरबोर्डलाही लागू वाटतात. एक, वास्तूत वेगवेगळ्या काळांनी घातलेली भर मानाने वागवावी. सगळं एकाच शैलीत आणणं हे ध्येय नाही. दोन, नवा बसवलेला भाग एकूण रूपाशी जुळावा, पण तो नवा आहे हे ओळखू यावं. तीन, जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबावा.

आमच्याकडून वैनगंगा ओलांडली की चामोर्शी तालुक्यात मार्कंडा देवस्थान लागतं, नदी उत्तरवाहिनी होते तिथे. महाशिवरात्रीला आम्ही लहानपणापासून जातो. वीज पडून देवळाची पडझड झाली आणि पुढे गोंड राजवटीत डागडुजी झाली, असं सांगतात. अलीकडच्या काळात पुरातत्त्व खात्याने दगड उतरवून पुन्हा रचण्याचं काम हाती घेतलं आणि ते रेंगाळलं, तेव्हा लोक चिडले. त्यांना देऊळ दर्शनासाठी हवं होतं. खात्याला ते जसं होतं तसं हवं होतं. आणि ‘जसं होतं’ म्हणजे वीज पडण्याआधी की डागडुजीनंतर, हा प्रश्न दोघांच्या मध्ये होताच. मला त्यात कुणी एक चूक वाटत नाही. वस्तूच्या इतिहासाशी प्रामाणिक राहणं आणि आज तिच्याकडे येणाऱ्या माणसाच्या गरजेशी प्रामाणिक राहणं ही दोन वेगळी कर्तव्यं आहेत, आणि ती नेहमी एकाच दिशेला ओढत नाहीत.

माझ्या मशीनपुरतं मी असं ठरवलं: जे उलटवता येतं ते अपग्रेड करायचं, जे उलटवता येत नाही त्याला हात लावण्याआधी थांबायचं. जुन्या हार्ड डिस्कची आधी हुबेहूब प्रत काढली, ती कन्व्हर्टर लावून नव्या एसएसडीवर चढवली, मूळ डिस्क काढून ठेवली. त्यामुळे कॉम्प्युटर झटकन सुरू होतो, पण समोर दिसतं ते २०१३मध्ये बंद पडला तेव्हाचंच. इंटरनेटला जोडला नाही. एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४लाच थांबवली आहे. यापेक्षा जास्त अपग्रेड करून तो आजच्या कामाचा झाला असता असंही नाही. आजचं ब्राउझर त्याच्या रॅममध्ये उभं राहत नाही. म्हणजे ‘उपयोगी करतोय’ ही सबबही मला नव्हती.

इथवर प्रश्न वस्तूचा होता. डिस्क उघडल्यावर तो माणसांचा झाला.

मूल हे तालुक्याचं ठिकाण. खेड्यांतून माणसं तहसीलला, पंचायत समितीला येतात आणि अर्ज लागतो. तहसीलबाहेर टायपिंगचे पैसे पडायचे. मास्तरांच्या घरी कॉम्प्युटर आहे हे कळल्यावर ओळखीचे, मग ओळखीच्यांचे ओळखीचे यायला लागले. बाबा चहा पाजून टाइप करून द्यायचे. घरकुलाचे अर्ज, वारसनोंदी, बदल्यांच्या विनंत्या, वनहक्काचे दावे, आणि वाघाच्या हल्ल्यात माणूस गेल्यावर भरपाईसाठीचे. अशा दोनशेच्या वर फाइली निघाल्या. नावं ‘अर्ज १७’, ‘अर्ज १७ नवा’ अशी.

आजच्या लॅपटॉपवर त्या उघडल्या तर निव्वळ इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. बाबा कृतीदेव फॉन्ट वापरायचे, टाइपरायटरच्या धर्तीचा. त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं मुळात नसतातच. ‘मराठी’ हा शब्द तिथे ई, जे, के, मोठा बी आणि एच या पाच इंग्रजी अक्षरांनी साठवलेला असतो. फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठीचं सोंग चढवतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, रफार अक्षराच्या नंतर. फॉन्ट गेला की मजकूर गेला. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, पण ती आमच्या घरापर्यंत पोचायला पुढची वीस वर्षं लागली, आणि मधल्या काळात महाराष्ट्रातल्या कितीतरी संसारांचे कागद असे सोंगातच लिहिले गेले.

प्रामाणिकपणे सांगायचं तर या फाइली वाचायला ते मशीन चालू होण्याची गरज नव्हती. डिस्कची प्रत आणि फॉन्ट, दोन्ही लॅपटॉपवर टाकले असते तर भागलं असतं. पण लॅपटॉपवर बाबांना त्यांतलं काही ओळखता येईना. जुन्या मॉनिटरसमोर, जुन्या कीबोर्डवर, डी ड्राइव्हच्या त्याच फोल्डरमध्ये बसल्यावर मात्र ते फाइलच्या तारखा बघून सांगू लागले: हा उन्हाळ्यातला, तेंदूपत्त्याच्या वेळचा, म्हणजे अमक्या गावचा, हे दोघे भाऊ बरोबर आले होते. म्हणून फाइल उघडून चुकूनही सेव्ह होणार नाही याची काळजी घेतली, नाहीतर तारीख आजची झाली असती आणि तो धागा तुटला असता. मशीन दुरुस्त झाल्याने फाइली परत मिळाल्या नाहीत, त्या मिळणारच होत्या. परत मिळाली ती त्या फाइलींबद्दलची बाबांची आठवण.

मी एकेक अर्ज वाचायला लागलो तेव्हा बाबांनी थांबवलं. म्हणाले, “त्या लोकांनी भरवसा ठेवून मला सांगितलं होतं. तुला नाही सांगितलं.” त्यांचं म्हणणं होतं, सगळं पुसून टाक आणि मग पाहिजे तितकं मशीन सजव. सॉफ्टवेअरवाला म्हणून ‘डिलीट’ हा शब्द मला अंगावर येतो. आमच्या धंद्यात बॅकअप हेच पुण्य. पण डेटा जपणं हे जर नेहमीच पुण्य असतं, तर शेजारणीने रडत सांगितलेली गोष्ट वहीत लिहून ठेवणंही पुण्य ठरलं असतं. कॉम्प्युटर आमचा, कॅबिनेट आमचं, कुंकू आमचं. अर्जातलं दुःख आमचं नाही.

तरी पुसणंही सोपं नव्हतं. एक अर्ज एका बाईंचा होता. मोहफुलं वेचायला गेलेला नवरा वाघाने मारला होता, भरपाईसाठी अर्ज होता. बाबांना त्या आठवत होत्या. त्यांच्याकडे निरोप पाठवला आणि विचारलं, ठेवायचं की पुसायचं? त्या मुलीला घेऊन घरी आल्या. मुलगी आता नर्सिंगला आहे. ते घडलं तेव्हा पाळण्यात होती. बाईंना वाचता येत नाही. मुलीने स्क्रीनवर वाचलं आणि आईला मोठ्याने वाचून दाखवलं. पंचनाम्यात तारीख, कंपार्टमेंट नंबर आणि जखमांचं वर्णन होतं. बाबांच्या अर्जात त्या सकाळी घरात काय शिजलं होतं आणि तो काय बोलून निघाला होता हेही होतं. बाबांनी त्या सांगत गेल्या तसं टाइप केलं होतं, कार्यालयाला नको होतं तेही. बाई म्हणाल्या, “हे तं कोठीच नाई जी दुसरं. हे द्या आमाले.”

ती प्रत मी युनिकोडमध्ये करून मुलीच्या फोनवर पाठवली आणि कागदावरही दिली. रूपांतरात वेलांट्या-रफारांची गडबड होते ती हाताने सुधारली. बाबांच्या मूळ टायपिंगमधल्या दोन चुका होत्या, त्या तशाच ठेवल्या; एका ठिकाणी शब्द अर्धा राहिलेला होता, तोही पूर्ण केला नाही. अंदाज करायचा अधिकार मला नव्हता.

मग पद्धत ठरली. बाबा तारीख बघून माणूस ओळखतात, आम्ही विचारतो. आतापर्यंत अकरा जणांपर्यंत पोचलो. सहा जणांनी प्रत घेतली. चौघांनी पुसायला सांगितलं, आणि ते त्यांच्यासमोर पुसलं, मूळ डिस्कवरूनसुद्धा. एकाने विचारलं की यातून जमिनीच्या केसला काही मदत होईल का. त्याला वकिलाकडे नेलं. बाकीच्यांचं ज्यांचं ज्यांना कळेपर्यंत मी उघडत नाही.

म्हणून जुनी वस्तू ‘पूर्ववत’ करायची म्हणतो तेव्हा तारीख निवडण्याचा हक्क फक्त मालकाचा असतो, असं मला आता वाटत नाही. मी एकटा मालक असतो तर २००५ निवडलं असतं, डिस्क साफ केली असती, रोड रॅश टाकला असता आणि पांढऱ्याशुभ्र कॅबिनेटचा फोटो काढला असता. त्यात बेकायदेशीर काहीच नव्हतं. फक्त त्या मशीनसमोरच्या स्टुलावर बसून गेलेल्या दोनशे जणांना, त्यांच्या नकळत, मी दुसऱ्यांदा बाहेर काढलं असतं. आठवणीचा जीर्णोद्धार करणारा माणूस साधारणतः आपल्याच आठवणीचा करतो. त्यात वाईट नाही. पण वस्तू घरातली असली तरी तिच्याभोवती घर एवढंच नसतं, हे तपासून घ्यायला हवं.

हा पगारी पोराचा छंद आहे, असं कुणी म्हणेल. आहेच. पुण्याच्या नोकरीतून आलेल्या पैशांतून आणि सुट्यांतून हे झालं. त्या दुरुस्तीवाल्याच्या हिशेबाने पाहिलं तर तोटाच आहे.

कॅबिनेटच्या आत, दाराच्या बाजूला, मी एक कागद चिकटवला आहे. कुठला भाग कधी बदलला, कुणी बदलला, जुना कुठे ठेवला आहे. सुरुवातीच्या चार ओळी बाबांनी आठवून सांगितलेल्या आहेत, पुढच्या माझ्या. फुगलेले सहा कॅपॅसिटर औषधाच्या डबीत खाली ठेवले आहेत. पुढच्या दिवाळीत घरी गेलो की आणखी पाच-सहा घरी विचारायला जायचं आहे. यादी बाबांकडे आहे.